कुलगुरू व्हायचंय? पहिल्या नेमणुकीच्या आदेशापासून हिशेब सुरू करा

हा लेख नुकतेच सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्यांसाठी आहे. अजून सीएचबीवर, म्हणजे तासिकेच्या मानधनावर, तास घेत कायम जागेची वाट बघणाऱ्यांसाठीही आहे. स्टाफरूममध्ये कुणी तरुण माणूस 'मला कुलगुरू व्हायचंय' म्हणाला तर हशा पिकतो, हे ठाऊक आहे. पण हीच इच्छा पन्नाशीत बऱ्याच चांगल्या प्राध्यापकांना होते, आणि जाहिरात हातात घेतल्यावर लक्षात येतं की कागद पुरे पडत नाहीत. विद्वत्ता असते, पीएच.डी. झालेले विद्यार्थी असतात, नावही असतं. फक्त 'प्राध्यापक' या पदावरची दहा वर्षं भरत नाहीत. ती मागे जाऊन भरता येत नाहीत.

इथे मी महाराष्ट्रातल्या अकृषी राज्य विद्यापीठांबद्दल बोलतोय. कृषी, आरोग्य, मुक्त, खासगी आणि केंद्रीय विद्यापीठांचे कायदे वेगळे आहेत. त्यांच्याकडे नंतर वळू.

पद आणि त्याचा कायदा

राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. विद्यापीठ प्रत्यक्ष चालवतात ते कुलगुरू. त्यांच्यासोबत प्र-कुलगुरू, चार विद्याशाखांचे अधिष्ठाता, कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी अशी फळी असते. व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद या दोन्हींचं अध्यक्षपद कुलगुरूंकडे. हे सगळं 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६' या कायद्यात आहे. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. पहिलं काम म्हणजे हा कायदा वाचणं. सगळा नको, कलम ११ आणि १२ तरी वाचा. अकरावं नेमणुकीचं, बारावं अधिकारांचं. आश्चर्य वाटेल, पण वीस-वीस वर्षं विद्यापीठात काढलेल्या माणसांनीही ही दोन कलमं धड वाचलेली नसतात आणि कँटीनमध्ये मात्र त्यावर छातीठोक बोलत असतात.

मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५ पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते. त्याच पदावर फेरनेमणूक नाही. सातव्या वेतन आयोगानुसार कुलगुरूंचं मूळ वेतन ठरावीक २,१०,००० रुपये. प्राध्यापकाची श्रेणी १,४४,२०० पासून सुरू होऊन २,१८,२०० पर्यंत जाते. म्हणजे पैशासाठी कुणी या वाटेला जात असेल तर त्यानं वेतनश्रेणीचा तक्ता आधी बघावा.

जागा किती? मुंबई, एसएनडीटी, नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर आणि गडचिरोलीचं गोंडवाना अशी जुनी अकरा विद्यापीठं. अलीकडे काही महाविद्यालयं एकत्र करून केलेल्या समूह विद्यापीठांची भर पडते आहे. अकरा जागा, पाच वर्षांची मुदत. म्हणजे वर्षाला सरासरी दोन जागा रिकाम्या होतात. त्यासाठी राज्यातले आणि राज्याबाहेरचेही प्राध्यापक अर्ज करतात.

वयाचं गणित

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमावलीत कुलगुरूपदासाठी मुख्य अट आहे: विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा अनुभव, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतला दहा वर्षांचा अनुभव आणि सोबत शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा. सचोटी, नैतिकता, संस्थेशी बांधिलकी हेही त्याच नियमात लिहिलेलं आहे, पण छाननीच्या टेबलावर मोजता येतात ती वर्षंच.

आता प्राध्यापकपदापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो ते बघा. कॅसमधून, म्हणजे सेवेची ठरावीक वर्षं भरल्यावर बढती देणाऱ्या योजनेतून, जायचं तर सहायक प्राध्यापक म्हणून वेतनाच्या लेव्हल १० ला सुरुवात होते. पीएच.डी. असेल तर ११ ला जायला चार वर्षं, एम.फिल.ला पाच, यापैकी काहीच नसेल तर सहा. पुढे १२ साठी पाच, १३-अ म्हणजे सहयोगी प्राध्यापक व्हायला तीन, आणि १४ म्हणजे प्राध्यापक व्हायला आणखी तीन. पीएच.डी. घेऊन रुजू झालेल्याला एकूण पंधरा वर्षं, ती नंतर करणाऱ्याला सतरा. त्यापुढे प्राध्यापकपदाची दहा.

तिसाव्या वर्षी पीएच.डी.सह कायम जागा मिळाली तर पंचावन्नाव्या वर्षी तुम्ही पात्र. पूर्ण मुदत मिळायची तर साठीच्या आत नेमणूक व्हायला हवी. म्हणजे तुमच्या हातात पाच वर्षं, आणि त्या पाच वर्षांत राज्यभरात निघणार साधारण दहा जागा. कायम जागा पस्तिसाव्या वर्षी मिळाली असेल, आणि भरतीबंदीमुळे हल्ली अनेकांचं तसंच होतं, तर पात्र होईपर्यंत साठी येते. हे निराश करण्यासाठी सांगत नाही. या रस्त्यावर वाया गेलेलं एक वर्ष नंतर केवढ्याला पडतं, ते कळावं म्हणून सांगतोय.

ही वाट छोटी करण्याचा एक मार्ग आहे: थेट भरती. सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव, सात शोधनिबंध आणि संशोधनाचे ७५ गुण लागतात. प्राध्यापकपदासाठी दहा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध, १२० गुण आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावा. म्हणजे चाळिशीत प्राध्यापक होणं कागदावर शक्य आहे. त्यासाठी गाव सोडायची तयारी हवी. नांदेडला जागा निघाली तर नांदेडला, गडचिरोलीला निघाली तर गडचिरोलीला. पुण्या-मुंबईतच राहून कॅसची वाट बघणाऱ्याच्या तुलनेत असा माणूस पाच वर्षं पुढे असतो.

पहिली वर्षं: फाईल आणि पीएच.डी.

महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठीची सेट ही सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती किंवा देशपातळीवरची नेट उत्तीर्ण असणं ही सुरुवात. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची राहिली नाही, म्हणून ती पुढे ढकलायचा मोह होतो. ढकलू नका. वरच्या आकड्यांत दोन वर्षांचा फरक तिथेच पडतो, शिवाय सहयोगी प्राध्यापक व्हायला ती लागतेच.

सीएचबीची वर्षं सहसा हिशेबात येत नाहीत, हेही आत्ताच समजून घ्या. आधीची तात्पुरती सेवा धरायची तर तेव्हा निवड रीतसर समितीमार्फत झाली होती का, वेतन नियमित शिक्षकाइतकं होतं का, असे प्रश्न येतात आणि तासिकेवर काम करणारा वेतनाच्या मुद्द्यावरच अडकतो.

कायम झाल्यावर एक जाड फाईल करा. नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाची मान्यता, वेतननिश्चिती, ओरिएंटेशन आणि रिफ्रेशरची प्रमाणपत्रं, प्रत्येक समितीवर नेमल्याचं पत्र. सेवापुस्तकातल्या नोंदी वर्षातून एकदा स्वतः बघा. कंटाळवाणं काम आहे. पण कॅसच्या नियमात एक बारीक गोष्ट आहे. किमान सेवा पूर्ण झाल्यावर वेळेत अर्ज केला आणि निवड समितीनं पात्र ठरवलं, तर बढती पात्रतेच्या तारखेपासून धरली जाते. अटी पुऱ्या नसल्यानं उशिरा अर्ज केला तर त्या उशिराच्या तारखेपासून. रिफ्रेशर कोर्स राहिला म्हणून कॅस दोन वर्षं लांबली, तर ती दोन वर्षं पुढे प्राध्यापकपदाच्या दहांमधून कापली जातात. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात फाईल रखडणं तुमच्या हातात नाही. अर्जाची तारीख तुमच्या हातात आहे.

शोधनिबंधांबद्दल एवढंच म्हणेन की पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. तिथे छापलेला निबंध गुण वाढवतो, पण वीस वर्षांनी शोध समितीतला तुमच्याच विषयातला माणूस यादी वाचतो तेव्हा अशा नियतकालिकाचं एकच नाव तुमच्यावर फुली मारायला पुरे होतं.

विभागातून की प्राचार्यपदावरून

सरळ वाट विद्यापीठ विभागातून जाते: प्राध्यापक, विभागप्रमुख, अधिष्ठाता किंवा प्र-कुलगुरू, मग कुलगुरू. पुण्याचे डॉ. नितीन करमळकर भूशास्त्राचे, त्यांच्यानंतरचे डॉ. सुरेश गोसावी भौतिकशास्त्राचे. दोघेही त्याच विद्यापीठातले प्राध्यापक. मुंबईचे डॉ. रवींद्र कुलकर्णी रसायन तंत्रज्ञान संस्थेतून आलेले, पण कुलगुरू होण्याआधी ते २०१८ ते २०२२ मुंबई विद्यापीठाचे प्र-कुलगुरू होते. प्र-कुलगुरूपदाची एक अडचण लक्षात ठेवा. त्यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीबरोबरच संपते. कुलगुरू गेले की प्र-कुलगुरूही जातात, आणि विद्यापीठाचा कार्यभार बहुधा दुसऱ्याच विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे दिला जातो. पुण्यात मे २०२२ ते जून २०२३ असं वर्षभर झालं. लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. कारभारी काळे यांनी तो कार्यभार सांभाळला.

दुसरी वाट प्राचार्यपदाची, आणि ती महाराष्ट्रात जुनी आहे. रँग्लर र. पु. परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य होते. पुढे लखनौ विद्यापीठाचे आणि नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अलीकडचं उदाहरण रुईया महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. सुहास पेडणेकर यांचं. एप्रिल २०१८ मध्ये ते मुंबईचे कुलगुरू झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पासष्टी पूर्ण झाल्यानं पायउतार झाले. पाच वर्षं पूर्ण भरली नाहीत. वर सांगितलेलं वयाचं गणित ते हेच.

प्राचार्य व्हायला पीएच.डी., पंधरा वर्षांची सेवा, दहा शोधनिबंध आणि संशोधनाचे ११० गुण लागतात. नेमणूक पाच वर्षांची, कामाचं मूल्यमापन होऊन आणखी एकदा मिळू शकते. प्राचार्याला संस्थाचालक, पालक, सहसंचालक कार्यालय, विद्यार्थी संघटना आणि गळणारं छप्पर असं सगळं एकाच दिवसात बघावं लागतं. कुलगुरूच्या कामाची याहून चांगली तालीम नाही, असं माझं मत आहे. विभागातून थेट वर आलेल्या बऱ्याच हुशार माणसांना संलग्न महाविद्यालय नावाची गोष्टच नीट माहीत नसते, आणि मुंबईसारख्या विद्यापीठात तशी आठशेहून अधिक महाविद्यालयं आहेत. अडचण कागदाची आहे. नियमात शब्द आहेत 'विद्यापीठात प्राध्यापक'. म्हणून महाविद्यालयात असाल तर प्राध्यापकपदाची श्रेणी कोणत्या तारखेपासून मिळाली, तिला विद्यापीठाची मान्यता कधी आली, हे दोन कागद जिवापाड जपा, आणि जाहिरातीत समकक्ष पदाची व्याख्या काय दिली आहे ते अर्ज करण्याआधी वाचा.

पूर्वी वाटा याहून मोकळ्या होत्या. मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव राहिलेले एस. आर. डोंगरकेरी १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. बालशल्यविशारद आणि शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० मुंबईच्या कुलगुरू होत्या; विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव यावं यासाठीचं त्यांचं काम आजही लोकांना आठवतं.

समित्या, आणि त्यातही परीक्षा

या टप्प्यावर बहुतेक लोक चुकीच्या समित्या निवडतात. उद्घाटनाच्या, स्वागताच्या, स्मरणिकेच्या. त्यात फोटो मिळतो. विद्यापीठ कसं चालतं ते कळायचं असेल तर अभ्यास मंडळावर जा, महाविद्यालयांच्या संलग्नतेची पाहणी करणाऱ्या स्थानीय चौकशी समित्यांवर जा, नॅकच्या, म्हणजे संस्थांना दर्जा देणाऱ्या मूल्यांकनाच्या, तयारीत आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम घ्या. अभ्यासक्रम बदलायचा प्रस्ताव अभ्यास मंडळातून विद्याशाखेत, तिथून विद्या परिषदेत कसा जातो आणि मध्येच कुठे अडकतो, हे एकदा स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही. अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, बैठकीत प्रेक्षक म्हणून तरी बसा. तिथे शिक्षक, प्राचार्य, पदवीधर, संस्थाचालक यांचे प्रतिनिधी एकाच छताखाली असतात आणि अर्थसंकल्पावरची चर्चा वसतिगृहाच्या पाण्यावर कशी जाते ते दिसतं. पुढे कधी तिथे व्यासपीठावर बसून उत्तरं द्यावी लागणार आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं, परीक्षेचं काम घ्या. पेपर सेटिंग, मॉडरेशन, कॅपचं, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणी केंद्राचं, संचालन, पुनर्मूल्यांकनाच्या तक्रारी, गैरप्रकार चौकशी. हे काम कुणालाच नको असतं. उन्हाळ्याची सुट्टी जाते, मानधन तुटपुंजं, वरून शिव्या. तरीही. महाराष्ट्रात कुलगुरूंची कसोटी लागते ती निकालावर. संशोधनात कितीही झेप घेतली तरी जूनमध्ये तृतीय वर्षाचा निकाल लागला नाही तर विद्यापीठाबद्दल दुसरं काही छापून येत नाही.

२०१७ चं मुंबईचं उदाहरण यासाठी बारकाईनं अभ्यासण्यासारखं आहे. त्या वर्षी सर्व उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. अभियांत्रिकीच्या काही परीक्षांत ती आधी वापरलीही होती. पण उत्तरपत्रिका होत्या सुमारे १७ लाख, आणि सगळ्या विद्याशाखांचा भार एकाच हंगामात नव्या व्यवस्थेवर टाकला गेला. स्कॅनिंग मागे पडलं, शिक्षकांना लॉगिन मिळेनात, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी कलिन्यात हेलपाटे घालत राहिली. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. कुलगुरूला कायद्यानं हटवता येतं, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. एका विद्याशाखेचं एक सत्र नमुना म्हणून करून, मग पुढचं पाऊल टाकलं असतं तर? कॅपमध्ये एक हंगाम काढलेला माणूस हा प्रश्न आपोआप विचारतो.

जाहिरात आणि अर्ज

विद्यमान कुलगुरूंची मुदत संपायच्या आधी शोध समिती नेमली जाते आणि जाहिरात निघते. अर्ज विद्यापीठाकडे जात नाहीत. बाहेरच्या एखाद्या संस्थेतला अधिकारी नोडल अधिकारी असतो, त्याच्याकडे जातात. जाहिरात दोन थरांची असते. एक थर मोजता येणाऱ्या गोष्टींचा: पीएच.डी., अध्यापन व संशोधनाची वर्षं, प्राध्यापकपदाची वर्षं, विभागप्रमुख किंवा प्राचार्य म्हणून प्रशासकीय अनुभव, मोठा संशोधन प्रकल्प पूर्ण केलेला, परदेशातल्या परिषदांतला सहभाग, आपल्याकडे आंतरराष्ट्रीय स्तरावरची परिषद भरवलेली. दुसरा थर न मोजता येणाऱ्या गोष्टींचा: नेतृत्व, संवाद, तंत्रज्ञानाबद्दलची मोकळीक, राज्याच्या धोरणाशी विद्यापीठाचं काम जुळवण्याची दृष्टी.

पहिल्या थरात ज्या गोष्टीचा कागद नाही, ती गोष्ट नाही असं धरा. 'मोठा प्रकल्प' म्हणजे मंजुरीचं पत्र आणि पूर्णत्वाचा दाखला दोन्ही. दुसऱ्या थरासाठी बहुतेक जण दोन पानी दृष्टिपत्र लिहितात आणि त्यात 'जागतिक दर्जा', 'उत्कृष्टतेचं केंद्र', 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची प्रभावी अंमलबजावणी' असे शब्द भरतात. दहा अर्जांतली नऊ दृष्टिपत्रं विद्यापीठाचं नाव बदलून कुठेही चालतील अशी असतात. तुम्ही त्या विद्यापीठाचा गेल्या तीन वर्षांचा वार्षिक अहवाल आणि अर्थसंकल्प मिळवा. दोन्ही अधिसभेसमोर मांडले जातात. रिक्त पदं किती, निकालाला सरासरी किती दिवस लागतात, विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून किती पगार जातात, कोणत्या तालुक्यात महाविद्यालयं रिकामी पडताहेत, हे बघा आणि त्यावर लिहा. गोंडवानासाठी लिहिताना जंगल आणि आदिवासी विद्यार्थी, सोलापूरसाठी लिहिताना रोज एसटीनं येणारी मुलं दिसली पाहिजेत.

तुमच्या सध्याच्या संस्थेचं ना हरकत पत्र आणि विभागीय चौकशी सुरू नसल्याचा दाखला वेळेत मागा. हे दोन कागद शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत.

शोध समितीपासून राजभवनापर्यंत

शोध समितीत कुलपतींनी नेमलेले अध्यक्ष, राज्य सरकारकडून प्रधान सचिव दर्जाचा अधिकारी, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषदेनं मिळून सुचवलेले राष्ट्रीय स्तरावरच्या संस्थेचे प्रमुख असतात. २०२३ च्या दुरुस्तीनं त्यात यूजीसीचा प्रतिनिधी आला. तो येण्यामागे न्यायालयीन निकाल आहेत. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक यूजीसीच्या नियमांशी विसंगत म्हणून रद्द केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केरळच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातली नेमणूक रद्द झाली, कारण समितीनं नावांच्या यादीऐवजी एकच नाव पाठवलं होतं. यातून उमेदवारानं घ्यायचं ते असं: समितीची रचना किंवा प्रक्रिया सदोष असेल तर तुमची काही चूक नसतानाही पद जाऊ शकतं. म्हणून अधिसूचना वाचायची सवय इथेही कामी येते. समितीवरचा सदस्य त्या विद्यापीठाशी किंवा त्याच्या महाविद्यालयांशी कोणत्याही प्रकारे संबंधित असता कामा नये, असा नियम आहे.

छाननीनंतर निवडक लोकांना समिती बोलावते. थोडा वेळ सादरीकरण, मग प्रश्न. तिथे स्लाइड कमी आणि आकडे तोंडपाठ हवेत. 'पहिल्या शंभर दिवसांत काय कराल' हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतो, आणि त्यावर नवी इमारत असं उत्तर देणारा तिथेच मागे पडतो, असं मला वाटतं. प्रलंबित निकाल, रिक्त पदं, विद्यार्थी तक्रारी, यांपैकी काहीतरी हातात घ्या.

महाराष्ट्रात समिती किमान पाच नावं कुलपतींकडे पाठवते. नावं वर्णानुक्रमे असतात, पसंतीक्रम देत नाहीत, आणि प्रत्येकाच्या योग्यतेबद्दल टिपण जोडलेलं असतं. मग राजभवनात राज्यपाल स्वतः मुलाखती घेतात आणि आदेश निघतो. या पाचात येणं हीच खरी निवड. त्यापुढे राजकारण चालतं का? चालतं असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं एक विधेयक मंजूर केलं होतं. शोध समितीच्या नावांपैकी दोन राज्य सरकारनं निवडून राज्यपालांकडे पाठवायची आणि मंत्री प्र-कुलपती व्हायचे, अशी त्यात तरतूद होती. सरकार बदललं आणि ते विधेयक मागे घेतलं गेलं. म्हणजे ओढाताण वरच्या पातळीवरची आहे. त्यात शेवटच्या महिन्यात ओळखी काढत फिरणाऱ्याचा उपयोग होण्यापेक्षा वापर होण्याची शक्यता जास्त.

नियम बदलत राहतात, हेही लक्षात असू द्या. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं नवा मसुदा काढला. त्यात उद्योग, सार्वजनिक प्रशासन, सार्वजनिक धोरण या क्षेत्रांतल्या वरिष्ठांनाही कुलगुरूपदाचं दार उघडायचा प्रस्ताव होता आणि अनेक राज्यांनी त्याला विरोध केला. अर्ज कराल त्या दिवशी कोणती नियमावली लागू आहे ते मूळ राजपत्रात बघा, व्हॉट्सॲपवर आलेल्या सारांशात नको.

इतर दारं

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठं १९८३ च्या वेगळ्या कायद्याखाली येतात. तिथे कृषी संशोधक लागतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कायदा १९९८ चा. खासगी विद्यापीठात कुलपती प्रायोजक संस्थेचे असतात, त्यामुळे स्वातंत्र्य किती मिळेल ते आधी विचारून घ्यावं. केंद्रीय विद्यापीठांत, आपल्याकडे वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय, राष्ट्रपती हे कुलाध्यक्ष आणि निवड केंद्रीय शिक्षण मंत्रालयामार्फत होते. २००९ च्या केंद्रीय विद्यापीठ कायद्यात कुलगुरूंची वयोमर्यादा ७० आहे, त्यामुळे उशिरा पात्र झालेल्यांनी त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. पुण्यातल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक शांतिश्री पंडित २०२२ मध्ये जेएनयूच्या पहिल्या महिला कुलगुरू झाल्या, त्या केंद्रीय निवडीच्या याच वाटेनं.

आदेश हातात आल्यावर

रुजू होण्याआधी मूळ संस्थेकडून लियन, म्हणजे आपल्या जुन्या जागेवरचा हक्क, लेखी घ्या. कुलगुरूपदाचा काळ सेवेत धरला जातो असं यूजीसीच्या नियमात स्पष्ट आहे, पण तुमच्या विभागातली जागा पाच वर्षांसाठी राखून ठेवली आहे, असा कागद संस्थेनं द्यावा लागतो. तोंडी 'सर, तुमचीच जागा आहे' यावर जाऊ नका. पाच वर्षांत विभागप्रमुखही बदलतो आणि आरक्षणाचं रोस्टरही.

कलम १२(७) खाली कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी, मंडळाच्या बैठकीची वाट न बघता निर्णय घेता येतो आणि नंतर तो त्या मंडळापुढे ठेवावा लागतो. पूर किंवा परीक्षेचा घोळ, अशा वेळी हा अधिकार लागतोच. त्याचा वापर रोजच्या खरेदीसाठी आणि नेमणुकांसाठी होऊ लागला की अधिसभेत प्रश्न येतात, मग चौकशी समित्या येतात. पहिल्या महिन्यापासून या कलमाखाली घेतलेल्या प्रत्येक निर्णयाची वेगळी नोंदवही ठेवायला कुलसचिवांना सांगा, आणि प्रत्येकासमोर तो पुढच्या बैठकीत कधी ठेवला ती तारीख लिहून घ्या.

मुदत संपल्यावरचा विचारही आत्ताच करा. प्रा. राम ताकवले पुणे विद्यापीठानंतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, नंतर इग्नूचे. सगळ्यांना असं काही मिळत नाही. राज्य विद्यापीठातला शिक्षक साधारण साठीला निवृत्त होतो. पंचावन्नच्या आधी कुलगुरू झालात तर परत विभागात येऊन एखादं वर्ष तास घ्यावे लागतील. तेव्हा लियनचं पत्र जुन्या जाड फाईलमध्येच लावा, नेमणुकीच्या आदेशाच्या मागे.